मूल एक, नाशवंत

साठा संपल्याचं उघडकीला आलं तो रविवार होता आणि संध्याकाळचे सहा वाजले होते. ज्यांच्या हातून तो संपला ते मापसाहेब त्या वेळी अतिशय समाधानात होते. सकाळपासून राबून त्यांनी फ्रीज आतून-बाहेरून लख्ख केला होता. फ्रीजरमध्ये चार बोटं बर्फ साचला होता, त्याचा कण शिल्लक ठेवला नव्हता. सूनबाई नातीला घेऊन दिवसभर मैत्रिणीकडे गेली होती. ती दारात दिसताच साहेब म्हणाले, "आधी फ्रीज उघडून बघ."

सूनबाईने चपला काढल्या, खांद्यावर झोपलेल्या ठकूला सावरलं आणि फ्रीज उघडला. खालचा भाग पाहून "वा!" म्हणाली. मग वरचा उघडला.

"बाबा, इथली पाकिटं कुठे आहेत?"

"काळजी करू नकोस. वितळली होती, पण मी नासू दिली नाहीत." साहेबांनी ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं. "सगळी एकत्र करून तापवून ठेवली आहेत. तीन उकळ्या आणल्या."

सूनबाई स्टुलावर बसली. ती रडली नाही. रडली असती तर साहेबांना काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी देता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आईचं दूध तापवत नाहीत, बाबा. आणि वितळून अख्खा दिवस बाहेर राहिलं तर टाकूनच द्यावं लागतं. अठरा पाकिटं होती. एकवीस दिवस लागले होते." आणि ठकूला घेऊन आत गेली.

आता साहेबांची बाजूही ऐकली पाहिजे. मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते, दुकानादुकानांतून काटे तपासत फिरले, खोटी वजनं जप्त केली. त्यामुळे सगळ्या इमारतीत हेच नाव पडलं. निवृत्त झाल्यावर तपासायला घर तेवढं उरलं. आणि घर चालायचं ते एका कागदावर. त्यांची बायको अकरा महिन्यांपूर्वी गेली. जाण्याआधी तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. कुठल्या दिवशी काय करायचं ते त्यावर लिहिलेलं. चिकटवताना म्हणाली होती, "तुम्हाला तोंडी सांगून उपयोग नाही. तुम्हाला परिपत्रक लागतं." त्या कागदावर होतं : महिन्याचा पहिला रविवार, फ्रीजचा बर्फ काढणे. आणि त्याच्या खाली तीन ओळी सोडून : दूध बाहेर राहिल्यास लगेच तापवणे. साहेबांनी दोन्ही कलमांचं तंतोतंत पालन केलं होतं. आईच्या दुधाचं वेगळं कलम नव्हतं, कारण तो कागद लिहिला तेव्हा ठकूच नव्हती. सुनेला तिसरा महिना होता.

खरं सांगायचं तर तापवताना त्यांना शंका आली होती, पण ती भलतीच. दूध पातळ दिसत होतं आणि साय धरेना. चौतीस वर्षांच्या सवयीने मनात आलं, पाणी मिसळलंय. दुसऱ्याच क्षणी त्यांनी स्वतःचा कान पकडला. तेवढ्यात समोरच्या काकू आल्या, त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं दूध? भाऊजी, विरजण लावा." साहेबांनी ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची कोणाची छाती झाली नसती.

सासऱ्या-सुनेत या विषयावर बोलणं असं नव्हतंच. मुलगा लांबच्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. एरवी असल्या गोष्टी बायकोने इकडच्या तिकडे पोचवल्या असत्या. ती नसल्यामुळे दोघांनी मिळून एक शब्द काढला होता, साठा. "बाबा, आज साठ्यातलं एक." "साठ्यात किती उरली?" एवढ्यावर काम भागायचं. साहेबांच्या मनात त्या साठ्याबद्दल आदर होता. प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ आणि माप. जे लिहायला लावण्यासाठी त्यांनी दुकानदारांवर खटले भरले होते, ते सूनबाई आपणहून लिहीत होती.

आता अडचण अशी. सूनबाई सकाळी नऊला निघायची ती सहाला परतायची. तेवढ्यात ठकूला तीनदा भूक लागायची. दोनदा पुरेल एवढं दूध सूनबाई आदल्या दिवशी काढून आणायची, आणि दुपारी एकचं पाकीट साठ्यातून निघायचं. साठा गेला म्हणजे एकची वेळ गेली. डब्याची पावडर पूर्वी एकदा आणून झाली होती. ठकूने ती साहेबांच्या सदऱ्यावर परत केली होती.

"ऑफिसात आणखी एकदा नाही का..." साहेबांनी जेवताना पानाकडे बघत विचारलं. वाक्य पुरं करायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

"जागा नाही, बाबा. आत्ता दोनदा काढते तेच संडासात. दाराची कडी तुटली आहे. उभ्याने, एका पायाने दार दाबून धरायचं. बाहेरून कोणी ना कोणी ठोठावतच असतं."

मापसाहेबांचा घास हातात राहिला. "संडासात?" ते म्हणाले. "चौतीस वर्षांत मी एका गवळ्याला संडासात दूध मोजू दिलं नाही!"

हे त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं, आणि त्यात 'दूध' हा शब्दही येऊन गेला. मग साहेबांनी पाणी प्यायलं आणि जाहीर केलं, "उद्यापासून दुपारी एक वाजता ठकू तुझ्या ऑफिसात हजर होईल."

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. काकूंनी बाळाला छातीशी बांधायची पिशवी आणून दिली आणि पाच किलो पिठाचं पुडकं घालून साहेबांकडून दोन वेळा जिना चढवून-उतरवून घेतला. पहिल्या खेपेला पट्टे उलटे लागले आणि पीठ पाठीवर गेलं. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर कठड्यावरून म्हणाले, "कशाला हा उपद्व्याप? आमची तिन्ही मुलं डब्याच्या दुधावर वाढली." ती तिन्ही मुलं हेडमास्तरांशी बोलत नाहीत, पण त्याचा दुधाशी संबंध नसावा. काकू शेवटी म्हणाल्या, "आणि भाऊजी, पाजायच्या आधी आणि नंतर वजन करा. जेवढं वाढेल तेवढं पोटात गेलं. दवाखान्यात तसंच करतात." हा सल्ला मात्र साहेबांना मनापासून पटला. पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

सोमवारी पाऊण वाजता ते ऑफिसच्या फाटकावर उभे राहिले. छातीवर ठकू, खांद्यावर लंगोटांची पिशवी, डोक्यावर घाम. रखवालदाराने त्यांचं ओळखपत्र पाहून पास लिहिला. मग छातीवरच्या पिशवीकडे बोट केलं.

"हिचं?"

"ही पाच महिन्यांची आहे."

"आजोबा, मी वय नाही विचारलं. ओळखपत्र."

"पाच महिन्यांच्या मुलीला कसलं ओळखपत्र?"

"मग पास कसा देऊ? पास व्यक्तीला. व्यक्ती म्हणजे ओळखपत्र."

"आणि ओळखपत्र नसेल तर?"

"तर व्यक्ती नाही."

मापसाहेबांनी आयुष्य नियमांत काढलं होतं. नियमाशी भांडायचं नसतं, त्यातली फट शोधायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "व्यक्ती नसलेलं काही आत जातं का?"

"जातं की. टपाल, पार्सल. आवक-जावकला नोंद केली की झालं."

"मग तशी नोंद करा."

रखवालदाराने थोडा विचार केला. त्यात त्याला कुठे चूक सापडेना. त्याने हाताने रस्ता दाखवला.

आवक-जावकची खोली तळमजल्यावर होती. तिथल्या बाई बावीस वर्षं त्याच टेबलाशी बसत होत्या, सगळे त्यांना आवकबाई म्हणत. त्यांनी चष्म्यावरून आधी ठकूकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग हकिगत ऐकून घेतली. एकही प्रश्न न विचारता वही पुढे ओढली आणि लिहिलं : आवक क्रमांक ४४१५. वर्णन : मूल, एक. कोणाकडे : लेखा शाखा. शेरा : नाशवंत. मग शिक्का मारलेली चिठ्ठी टाचणीऐवजी डिंकाने ठकूच्या दुपट्याला चिकटवली. "टाचणी नको, लागेल तिला," त्या म्हणाल्या. तीन मुलं वाढवलेल्या बाई होत्या.

त्यांनीच जागाही दिली. जुन्या नोंदवह्यांची दोन कपाटं काटकोनात उभी होती, त्यामागे एक स्टूल. समोर चादर बांधली. सूनबाई जिन्यावरून धावत आली, ठकूला घेऊन आत गेली, आणि मापसाहेब चादरीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शाळेत अंगठे धरून उभं राहिल्यानंतर असं उभं राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. जाणारा-येणारा शिपाई विचारायचा, "आजोबा, काय शोधताय?" म्हणून त्यांनी भिंतीवरचं सूचनापत्रक वाचायला घेतलं. टपाल हाताळणीचे एकवीस नियम होते. पहिल्या दिवशी त्यांचे बारा वाचून झाले.

वजनाचीही सोय झाली. आवकबाईंच्या टेबलाशेजारी गोल तबकडीचा पार्सलचा काटा होता. पाजायच्या आधी ठकूचं वजन भरलं सहा किलो चारशे. पाजल्यावर भरलं सहा किलो चारशे.

"नुकतीच सुरुवात आहे," साहेब म्हणाले.

मंगळवारी आधी सहा चारशे. नंतर सहा चारशे.

त्या संध्याकाळी सूनबाई जेवली नाही. रात्रीची भांडी घासता घासता नळाकडे बघत म्हणाली, "आटलं असणार, बाबा. धावपळ, झोप नाही. तिला काहीच मिळत नाहीये. नुसती चोखते आणि झोपते. सोडून देते मी. उद्या वेगळा डबा आणून बघू."

मापसाहेब खोलीत गेले. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना पितळी वजनांची पेटी भेट दिली होती. मखमलीच्या खाचांत एक किलोपासून पाच ग्रॅमपर्यंत. ती त्यांनी कपाटातून काढली. अठरा पाकिटं त्यांनी एका दुपारी उकळून टाकली होती. त्यामुळे सुनेचं दूधच आटलं असेल, तर ते कुठल्या काट्यावर भरून देणार होते? पण दोन्ही दिवशी तोच आकडा, एका ग्रॅमचा फरक नाही, हे काही त्यांना पटेना. दूध खोटं बोलत नाही. काटे बोलतात, हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

बुधवारी ते ठकूबरोबर पेटीही घेऊन गेले. रखवालदाराने पेटी उघडायला लावली आणि पाच मिनिटं घालवली. आवकबाई आणि धावत आलेली सूनबाई यांच्यासमोर साहेबांनी काट्यावर सहा किलोच्या वह्या ठेवल्या. त्यावर पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. काटा हलला नाही. शंभर ठेवलं. ढिम्म. दोनशे ठेवलं तेव्हा काट्याने एकदम उडी मारली.

"बघ!" साहेब ओरडले. "दोनशेच्या आतलं याला कळतच नाही! ती दीडशे पिऊन जाईल आणि याला पत्ता लागणार नाही. तुझं काही आटलेलं नाही. स्प्रिंग गंजली आहे!"

सूनबाईने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा ठकूकडे. मग ठकूला घेऊन चादरीमागे गेली, आणि पाजता पाजता तिने रविवारपासूनचं सगळं रडून घेतलं. ठकू मध्येच दचकून थांबली आणि पुन्हा प्यायला लागली.

इथे गोष्ट सुखाने संपायला हरकत नव्हती. पण मापसाहेबांच्यातला निरीक्षक जागा झाला होता. त्यांनी काटा उलटा केला, खालचा शिक्का पाहिला आणि म्हणाले, "शिक्क्याची मुदत नऊ वर्षांपूर्वी संपली आहे. हा काटा बाद आहे. यावर केलेलं प्रत्येक वजन बेकायदेशीर."

आवकबाईंनी टोपण पेनाला लावलं. "म्हणजे मी नऊ वर्षं खोटी वजनं लिहिली?"

"तुमचा दोष नाही, पण नियमाने..."

"नियमाने ना? ठीक आहे. जावकेच्या वहीत वजनाचा रकाना आहे. वजन लिहिल्याशिवाय जावक करता येत नाही. आणि काटा तर तुम्हीच बाद केलात." त्यांनी वही मिटली. "मूल आत आलं आहे. बाहेर गेल्याचं मी लिहू शकत नाही."

ज्यांनी जागा दिली, चादर दिली, टाचणीऐवजी डिंक वापरला, त्यांनाच साहेबांनी दुखावलं होतं. बायको असती तर म्हणाली असती, "खरं बोलायचं असतं, पण त्याची पेढी उघडून बसायचं नसतं." फाटकावर बाहेर जाणाऱ्याला कोणी अडवत नसे, त्यामुळे ठकू रोज घरी जात होती. कागदोपत्री मात्र ती ऑफिसातच राहिली. बुधवारी एक राहिली, गुरुवारी दुसरी, शुक्रवारी तिसरी. पुढच्या सोमवारी चौथी, मंगळवारी पाचवी. बाई आवक नेमाने करत होत्या, चादरही बांधत होत्या, फक्त साहेबांशी बोलत नव्हत्या.

बुधवारी पंधरवड्याचा आढावा होता. ठकूला घेऊन साहेब आले तर शिपाई म्हणाला, "तुम्हाला वर बोलावलंय. पार्सलसकट."

मोठ्या साहेबांच्या खोलीत सूनबाई आणि आवकबाई आधीच उभ्या होत्या. मोठे साहेब वही वाचत होते. "चार हजार चारशे सतरा. मूल, एक. नाशवंत. प्रलंबित. चार हजार चारशे तीस. मूल, एक. नाशवंत. प्रलंबित." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मजकूर बदलला नाही. "या इमारतीत पाच मुलं आहेत?"

"एकच आहे, साहेब," आवकबाई म्हणाल्या. "पाचदा आलंय."

"आणि गेलं कितीदा?"

"नोंदीप्रमाणे नाही गेलेलं."

मोठ्या साहेबांची नजर मापसाहेबांच्या छातीवर गेली. ठकूने त्यांच्याकडे बघून जांभई दिली. "हा काय प्रकार आहे? ऑफिस आहे की पाळणाघर? उद्यापासून हे बंद."

मापसाहेबांनी खिशातून कागद काढला. त्यांनी घरून मुद्दे लिहून आणले होते. पण त्यांनी चष्मा शोधेपर्यंत सूनबाई पुढे झाली. ऑफिसात ती कोणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"मूल माझं आहे, साहेब. जेवणाच्या सुट्टीत येतं. सगळे जेवतात तेव्हा मी जेवू घालते, काम चुकवत नाही. आणि ती यायच्या आधी अकराला आणि नंतर चारला मी दुसऱ्या मजल्यावरच्या संडासात उभी राहून दूध काढते, पायाने दार दाबून. ते दूध माझी मुलगी दुसऱ्या दिवशी पिते. तुम्ही पिणार नाही तिथलं पाणीसुद्धा."

मोठे साहेब टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघू लागले. मापसाहेबांचे कान लाल झाले होते. सून त्यांच्यासमोर चारचौघांत तो शब्द पहिल्यांदाच उच्चारत होती, दोनदा. त्यांना वाटलं, जमीन दुभंगेल. जमिनीला काही झालं नाही. उलट छाती जरा भरून आली, त्यावर ठकू होती तरी.

मग ते म्हणाले, "साहेब, नियम क्रमांक एकोणीस."

"कसला?"

"टपाल हाताळणीचा. नाशवंत आवक स्वतंत्र, स्वच्छ, हवेशीर खोलीत ठेवावी. खाली भिंतीवर लावलाय. आठ दिवस मी तिकडेच तोंड करून उभा आहे, एकवीसच्या एकवीस पाठ आहेत. तुमच्याकडे पाच नाशवंत नोंदी आहेत आणि खोली एकही नाही."

मोठ्या साहेबांनी आवकबाईंकडे पाहिलं. "असा नियम आहे?"

बाईंना आता ठरवायचं होतं. त्यांनी मापसाहेबांकडे बघितलंही नाही. "आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्याच आधीच्या साहेबांची सही आहे."

नियम आहे म्हटल्यावर मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचे भाव आले. दया दाखवायला धैर्य लागतं, नियम पाळायला फक्त पेन लागतं. तळमजल्यावरची मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी करण्याचा आदेश निघाला.

खुर्च्या मापसाहेबांनी आणि आवकबाईंनी मिळून हलवल्या. चौदावी खुर्ची उचलताना साहेब म्हणाले, "बाई, माझं चुकलं. एकटीला सांगायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "हं. तिकडून धरा, पाय निघेल." दुसऱ्या दिवशी साहेबांनी काट्याची स्प्रिंग काढली, गंज घासला, तेल दिलं, आणि जुन्या खात्यात जाऊन नवीन शिक्का मारून आणला. पहिलं कायदेशीर वजन ठकूचं झालं. पाजण्याआधी सहा किलो पाचशे दहा, पाजल्यानंतर सहा सहाशे चाळीस. बाईंनी जावकेचे पाच रकाने एकदम भरले आणि ठकू पाचही वेळा घरी गेली.

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. त्या खोलीत आणखी दोघीजणी येऊन बसतात. दाराला कडी नाही. कडीसाठी अर्ज दिला आहे, तो भांडार शाखेत आहे. तोपर्यंत मापसाहेब एक ते दीड दाराबाहेर तीन पायांच्या खुर्चीवर, पाठ करून बसतात. संध्याकाळी सूनबाई घरी आली की चपला काढता काढताच सांगते, "बाबा, आज दूध एकशे वीस," आणि ते पाकिटावर लिहितात. साठा हा शब्द आपोआप मागे पडला. फ्रीजरमध्ये पुन्हा बावीस पाकिटं झाली आहेत.

कपाटाच्या दारावरच्या कागदाला साहेबांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मध्यंतरी सूनबाई पेन घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, एक दुरुस्ती करू? आईंच्या अक्षराला धक्का न लावता." ते हो म्हणाले. पहिल्या रविवारच्या ओळीपुढे तिने बारीक अक्षरात लिहिलं : सुनेला विचारून.

तेव्हापासून दोन पहिले रविवार गेले. साहेबांनी विचारलेलं नाही. वरचा बर्फ पुन्हा चार बोटं झाला आहे, तो काढायचा राहिला आहे.